गल्ल्यावर बसलेला प्रशिक्षक

व्हॉलीबॉल हा खेळ मुळात व्यापारी मंडळींसाठी जन्मास आला, असे म्हटले तर पुष्कळांना नवल वाटेल. परंतु इतिहास तसाच आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात होल्योक नावाचे गाव आहे. तेथील वायएमसीएच्या व्यायामशाळेत विल्यम मॉर्गन हे शारीरिक शिक्षणाचे संचालक होते आणि त्यांच्या वर्गाला गावातील मध्यमवयीन व्यावसायिक येत असत. जवळच्याच स्प्रिंगफील्डमध्ये १८९१ साली बास्केटबॉल सुरू झाला होता. पण दिवसभर व्यवहारात गुंतलेल्या या गृहस्थांना त्यातील धावपळ आणि अंगाला अंग भिडणे मानवेना. म्हणून १८९५ मध्ये मॉर्गन यांनी मधोमध जाळे बांधले, दोन्ही पक्षांना जाळ्याच्या दोन बाजूंस उभे केले आणि चेंडू हवेत खेळता ठेवायचा, पण कोणी हातात धरायचा नाही, असा एक सौम्य खेळ रचला. आरंभी त्याचे नाव ‘मिंटोनेट’ असे होते. ‘व्हॉलीबॉल’ हे नाव थोड्याच काळाने रूढ झाले.

वायएमसीएच्या शिक्षकांबरोबर हा खेळ जगभर गेला. आपल्या देशातही तो याच मार्गाने रुजला. १९२० साली मद्रासमध्ये हॅरी बक यांनी सुरू केलेल्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयाचा त्यात मोठा वाटा आहे. जपानमध्ये तो विसाव्या शतकाच्या आरंभी पोहोचला आणि तेथील गिरण्यांनी, शाळांनी व गावांनी त्याला आपलेसे केले. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये व्हॉलीबॉलचा प्रथमच समावेश झाला, तेव्हा सोव्हिएत संघाला नमवून सुवर्णपदक मिळवणाऱ्या जपानी महिला संघातील बहुतेक खेळाडू ओसाकाजवळच्या काइझुका येथील एका कापड गिरणीत काम करणाऱ्या होत्या. दिवसा गिरणीतील काम आणि त्यानंतर रात्री उशिरापर्यंत सराव, असा त्यांचा क्रम असे. कापडाच्या व्यवसायातील आपल्या वाचकांना हा तपशील विशेष वाटावा.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे की, याच खेळावर बेतलेली एक जपानी चित्रमालिका सध्या पुण्यातील कित्येक घरांत पाहिली जाते. मुले ती मोबाइलवर पाहतात. वडीलधाऱ्यांना दुरून फक्त मोठ्या डोळ्यांची चित्रे आणि परभाषेतील आरडाओरडा कळतो, आणि ‘एवढा मोठा झालास तरी कार्टून काय पाहतोस?’ या प्रश्नापाशी विषय संपतो. तो तेथे संपू नये, असे या मालिकेत बरेच काही आहे. विशेषतः दुकान चालवणाऱ्या कुटुंबांनी पाहावे असे आहे.

मालिकेचे नाव ‘हायक्यू’. जपानी भाषेत व्हॉलीबॉलला हाच शब्द आहे. हारुइची फुरुदाते यांनी लिहिलेली व रेखाटलेली ही चित्रकथा ‘शोनेन जंप’ या साप्ताहिकात २०१२ च्या फेब्रुवारीपासून २०२० च्या जुलैपर्यंत क्रमशः प्रसिद्ध झाली आणि ४५ खंडांत संग्रहित झाली. तिच्यावरून प्रॉडक्शन आय. जी. या संस्थेने २०१४ पासून चित्रमालिका निर्माण केली. तिची चार पर्वे, एकूण ८५ भाग झाले. २०२४ मध्ये पुढील कथाभागावर चित्रपटही आला. फुरुदाते स्वतः शालेय वयात व्हॉलीबॉल खेळत असत, आणि खेळाच्या बारकाव्यांतून ते पदोपदी जाणवते.

कथानक साधे आहे. जपानच्या मियागी प्रांतातील शोयो हिनाता हा बुटका मुलगा सायकलवरून जाताना एका दुकानाच्या काचेमागील दूरचित्रवाणी संचावर व्हॉलीबॉलचा सामना पाहतो. करासुनो या शाळेचा एक लहानखुरा खेळाडू उंच प्रतिस्पर्ध्यांच्या वरून चेंडू मारत असतो. हिनाताच्या मनात ते दृश्य कायमचे ठसते. तो पुढे त्याच शाळेत प्रवेश घेतो, तेव्हा तिचे वैभवाचे दिवस सरलेले असतात. आणि ज्याने पूर्वी त्याला दारुण पराभूत केले तो तोबिओ कागेयामा त्याच संघात येऊन बसलेला असतो. एकाजवळ झेप आहे, पण तंत्र नाही. दुसऱ्याजवळ असामान्य तंत्र आहे, पण सहकाऱ्यांशी जमवून घेण्याची वृत्ती नाही. पुरुषांच्या व्हॉलीबॉलचे जाळे २.४३ मीटर उंच असते आणि हिनाताची उंची आहे १६२.८ सेंटीमीटर. या विषम हिशेबातून मालिका पुढे सरकते.

खेळाचा एक नियम येथे ध्यानात घ्यावा लागतो, कारण सारी कथा त्यावर उभी आहे. आपल्या बाजूस आलेला चेंडू जास्तीत जास्त तीन स्पर्शांत परत पाठवायचा असतो, तो पकडता येत नाही आणि एकाच खेळाडूला लागोपाठ दोनदा स्पर्श करता येत नाही. क्रिकेटमध्ये एखादा फलंदाज एकट्याच्या बळावर डाव ओढून नेतो. येथे तशी सोयच नाही. पहिला चेंडू उचलतो, दुसरा तो वर काढून देतो, तिसरा मारतो. टाळ्या तिसऱ्याला मिळतात. परंतु दुसऱ्याने, म्हणजे ज्याला आपल्या मैदानांवर ‘लिफ्टर’ किंवा ‘बूस्टर’ म्हणतात त्याने, नीट दिले नाही तर तिसऱ्याची उंची आणि ताकद व्यर्थ असते. ‘लिबेरो’ नावाच्या खेळाडूचे काम तर केवळ बचावाचे. जाळ्याच्या वरून चेंडू मारण्याची त्याला नियमानेच मनाई आहे. संघातील सर्वांत चपळ मुलगा, निशिनोया, हे काम आनंदाने करतो. चार भावांची भागीदारी एकाच पेढीत पाहिलेल्या वाचकांना याहून अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. खरेदी पाहणारा, वसुली पाहणारा, वह्या सांभाळणारा आणि गिऱ्हाइकाशी बोलणारा, यांपैकी बाहेर नाव एकाचेच होते; पेढी चौघांवर चालते.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. करासुनोच्या संघाला प्रशिक्षक नाही. जुने नामांकित प्रशिक्षक उकाई वार्धक्यामुळे निवृत्त झालेले आहेत. संघाची जबाबदारी ताकेदा या तरुण शिक्षकावर आहे. ते साहित्य शिकवतात आणि व्हॉलीबॉलचे त्यांना काहीच कळत नाही. त्यांना कळते ते एवढेच की, या मुलांना शिकवणारा कोणीतरी हवा. शाळेच्या उताराखाली एक किराणा-खाऊचे दुकान आहे. त्या घरच्या दुकानात जुन्या प्रशिक्षकांचा नातू केइशिन उकाई गल्ल्यावर बसतो. वय २६, याच शाळेचा माजी खेळाडू, केस रंगवलेले, बोलणे तिरसट. ताकेदा सर त्याच्याकडे पुनःपुन्हा जातात आणि तो पुनःपुन्हा नकार देतो. दुकान आहे, कामे आहेत, जबाबदारी कोण घेणार? अखेर नेकोमा या जुन्या प्रतिस्पर्धी शाळेशी सराव सामना ठरल्याचे कानी येते, तेव्हा त्याच्यातील खेळाडू जागा होतो. तेवढ्या एका सामन्यापुरते शिकवतो, असे म्हणून तो येतो आणि पुढे तेथेच राहतो.

हा माणूस नोकरी म्हणून प्रशिक्षक झालेला नाही. दुकान सांभाळून, सायंकाळी मैदानावर उभा राहणारा तो एक दुकानदार आहे. मालिकेत असे दुकानदार आणखीही आहेत. शिमादा याचे किराणा बाजाराचे दुकान आहे, ताकिनोउए याचे विजेच्या उपकरणांचे. शाळा सोडून वर्षे लोटली तरी आळीतल्या मंडळींचा त्यांचा एक हौशी संघ आहे. उकाई सूत्रे हाती घेताच पहिल्याच दिवशी या मित्रांना बोलावतो आणि शाळेच्या मुलांचा त्यांच्याशी सामना लावतो. आळीच्या संघात माणसे कमी पडतात. आसाही आझुमाने हा करासुनोचा सर्वांत जोरकस खेळाडू एका सामन्यात वारंवार अडवला गेल्याने खचून संघ सोडून गेलेला असतो. तो त्या दिवशी परत मैदानात उतरतो तो या दुकानदारांच्या बाजूने. ज्या मुलाला आपल्या संघात तोंड दाखवायला संकोच वाटत होता, त्याला परतीची वाट मोठ्या माणसांच्या खेळातून मिळाली. येथे कोणी उपदेश केला नाही. जागा रिकामी होती, ‘ये, उभा राहा’ एवढेच झाले.

यामागुची या मुलाची कथा याहूनही बोलकी आहे. पहिल्या वर्गातील चार नव्या खेळाडूंपैकी मैदानात स्थान न मिळालेला हा एकटाच. तो शिमादाच्या दुकानात जातो आणि मला ती विशिष्ट सर्व्हिस शिकवा, अशी विनंती करतो. या सर्व्हिसमध्ये चेंडूला फिरकी नसते, त्यामुळे तो हवेत डुलत जातो आणि कोठे पडेल हे समोरच्याला उमगत नाही. शिमादा स्वतःचे काम सांभाळून त्याला शिकवू लागतो. पहिल्या खऱ्या सामन्यात यामागुचीला एकच संधी मिळते आणि त्याची सर्व्हिस जाळे ओलांडत नाही. पुढे आणखी एका सामन्यात तो भीतीपोटी सुरक्षित सर्व्हिस करतो आणि त्याची त्याला अधिक लाज वाटते. तिसऱ्या प्रसंगी, ज्या संघापुढे तो पहिल्यांदा फसला होता त्याच संघापुढे, तो एकामागून एक गुण मिळवतो. प्रेक्षकांत शिमादा बसलेला असतो. मालिकेतील मोठ्या खेळाडूंच्या झेपा मुलांना आठवतात. परंतु वडिलांनी पाहावा तो हा प्रसंग. परक्या मुलाला फुकट शिकवणाऱ्या एका दुकानदाराच्या संध्याकाळी तेथे फळास आलेल्या असतात.

पैशाची बाजूही मालिका झाकून ठेवत नाही. संघाला टोकियोस सरावासाठी जायचे तर प्रवासखर्च हवा. तेव्हा हितोका याची ही लाजाळू, नवखी मुलगी संघाच्या व्यवस्थेत येते आणि गावाकडून देणग्या मागण्यासाठी एक भित्तिपत्रक तयार करते. ते गावातील दुकानांत लागते. पुण्याच्या पेठांत वाढलेल्या कोणालाही हे दृश्य ओळखीचे वाटेल. आपल्याकडे गणेशोत्सवाची वर्गणी, तालमीचा आखाडा, वाचनालयाची कपाटे यांच्यामागे दुकानदारांच्या छोट्या-छोट्या पावत्या नेहमीच उभ्या राहिल्या आहेत. खेळालाही शेवटी असाच कोणाचा तरी गल्ला लागतो.

मालिकेत एक दुखरी बाजू आहे, तिच्याकडे पालकांनी अधिक लक्ष द्यावे. त्सुकिशिमा हा उंच, हुशार मुलगा खेळात मन घालत नाही. शाळेतला एक छंद, त्यासाठी एवढी तळमळ कशाला, असे तो म्हणतो. त्याचे कारण घरात आहे. त्याचा थोरला भाऊ याच शाळेत खेळत असे. धाकट्याच्या नजरेतील कौतुक जपण्यासाठी, आपण मुख्य संघात आहोत असे तो सांगत राहिला. एके दिवशी धाकटा न सांगता सामना पाहायला गेला आणि भाऊ मैदानात नसून प्रेक्षकांत उभा राहून घोषणा देताना दिसला. कोणी कोणाला मारले नाही, रागावले नाही. तरी दोघांच्याही मनात खेळ विषारी झाला. अपेक्षांचे ओझे घरातील सर्वांत प्रेमळ माणसाच्या नजरेतूनही पडू शकते. ‘नंबर आला का?’ हा आपला नेहमीचा प्रश्न मुलाला खोटे बोलायला कसा शिकवतो, हे येथे न बोलता कळते. पुढे हाच थोरला भाऊ मोकळेपणाने पुन्हा खेळू लागतो, तेव्हा धाकट्याचीही गाठ सुटू लागते.

हरणाऱ्यांनाही या मालिकेत चेहरा आहे. बाद पद्धतीच्या स्पर्धेत पहिल्याच दिवशी निम्मे संघ घरी जातात. त्यांचे पुढे काय होते, हे सहसा कोणी दाखवत नाही. येथे करासुनोकडून पहिल्या फेरीत हरलेल्या तोकोनामी शाळेचा इकेजिरी, कर्णधाराचा जुना वर्गमित्र, आपल्यापुढे उभा राहतो. त्याच्या संघाने कधी मोठे काही केले नाही, फारसा कसून सरावही केला नाही. तरी हरल्यावर त्याला कळते की, आपणही तीन वर्षे हा खेळ खेळलो होतो. कर्णधाराच्या वर्गातील सुगावारा तर आपली जागा नवख्या कागेयामाला जाताना पाहतो. तो रुसत नाही. संघ अधिक काळ टिकेल, सामने अधिक मिळतील, असाच निर्णय घ्यावा, असे तो स्वतः प्रशिक्षकाला सांगतो आणि बाकावर बसूनही आपली तयारी सोडत नाही. धाकट्या भावाच्या हाती व्यवहार सोपवून मागे उभे राहिलेले थोरले आपण आपल्या घराण्यांत पाहिले आहेत. सुगावाराचे मन त्यांना लगेच समजेल.

आता व्यापारी घराने विचारावा असा रोखठोक प्रश्न : यातून मुलांचे पुढे काय झाले? चित्रकथेच्या अखेरच्या भागात याचे उत्तर आहे. हिनाता शालेय शिक्षण संपवून ब्राझीलला जातो, तेथे वाळूवरील व्हॉलीबॉल शिकतो, पोटासाठी घरोघर जेवणाचे डबे पोहोचवतो आणि पुढे व्यावसायिक खेळाडू होतो. कागेयामाही होतो. पण बाकीचे? कर्णधार पोलिसांत जातो, सुगावारा प्राथमिक शिक्षक होतो, आसाही वस्त्रांचे आरेखन करतो, यामागुची विद्युत उपकरणे बनवणाऱ्या कंपनीत नोकरी करतो. प्रतिस्पर्धी संघातील ओसामू मिया हा तर राष्ट्रीय पातळीवरचा खेळाडू. परंतु जुळ्या भावाचा रोष पत्करून तो खेळ थांबवतो आणि ‘ओनिगिरी’ म्हणजे भाताचे मुटके विकण्याचे दुकान काढतो. कथा त्याला पराभूत मानत नाही. भाऊ ज्या मैदानावर खेळतो तेथेच त्याचा ठेला लागतो. नेकोमाचा शांत, आळसट दिसणारा केन्मा शिकत असतानाच भागबाजारात उतरतो, स्वतःची कंपनी उभारतो आणि ब्राझीलमधील हिनाताचा खर्च उचलणारा प्रायोजक होतो. म्हणजे कथेच्या आरंभी मुलांच्या मागे दुकानदार उभे होते. शेवटी त्याच मुलांपैकी काही जण दुकानदार होऊन दुसऱ्याच्या मागे उभे राहिले. भांडवल फिरते राहिले.

आपल्या घरांतील चित्र याच्याशी ताडून पाहावे. मुलगा किंवा मुलगी नववीपर्यंत शाळेच्या संघात असते. दहावी लागली की बूट माळ्यावर जातात. मग अकरावीचा प्रवेश, सीएची तयारी, महाविद्यालयानंतर पेढी. आपले म्हणणे चुकीचे असते असे नाही. खेळावर पोट भरणारे थोडेच असतात, हे मालिकाही मान्य करते. परंतु आपण खेळाचा जमाखर्च केवळ त्या थोड्यांच्या पोटावरून मांडतो. राज्य मंडळाच्या परीक्षांत शालेय क्रीडास्पर्धांतील कामगिरीला सवलतीचे गुण मिळतात, हे समजले की आपण काही काळ उत्साह दाखवतो आणि गुण मिळाले की तोही ओसरतो. वास्तविक गुणपत्रिकेत न दिसणारी जमा पुष्कळ मोठी आहे. दुसऱ्याला चेंडू नीट देण्याची सवय, आपली जागा दुसऱ्याला गेली तरी पेढी न मोडण्याची सवय, फसलेली सर्व्हिस पुन्हा करण्याचे धैर्य. पुढे भागीदारीत, उधारीच्या तंग दिवसांत आणि घरातील वाटणीच्या बैठकीत हेच कामी येते.

पुणे शहराला या विषयात बाहेरून शिकावे लागावे, असेही नाही. व्यायामाची व मैदानाची परंपरा येथे जुनी आहे. डेक्कन जिमखाना १९०६ चा आणि कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी स्थापिलेले महाराष्ट्रीय मंडळ १९२४ चे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल उभे राहिले. २००९ मध्ये व्हॉलीबॉलची कनिष्ठ पुरुषांची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा पुण्यातच झाली आणि ब्राझीलने ती जिंकली. ज्या खेळाच्या जपानी चित्रकथेवर आपली मुले भाळली आहेत, त्या खेळातील जगातील उत्तम तरुण खेळाडू आपल्याच शहरात येऊन गेले होते. देशाचा इतिहासही रिता नाही : १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारतीय पुरुष संघाने रौप्यपदक, तर १९८६ च्या सोल येथील स्पर्धेत कांस्यपदक मिळवले होते.

जपानशीही पुण्याचा स्नेह जुना आहे. सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामा शहराच्या प्रसिद्ध कोराकुएन बागेच्या धर्तीवर उभारलेले आहे, आणि जपानी भाषा शिकणाऱ्यांची या शहरातील संख्या लक्षणीय आहे. अशा चित्रमालिका पाहता-पाहता कित्येक तरुणांची पावले भाषावर्गाकडे वळतात. जपानी कंपन्यांशी व्यवहार करणाऱ्या आपल्या उद्योजकांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

तेव्हा उणीव कशाची आहे? मैदाने कमी झाली, हे खरे. वाड्यांची अंगणे इमारतींच्या वाहनतळांत गेली. तरीही व्हॉलीबॉल हा या बाबतीत काटकसरी खेळ आहे. मैदान १८ मीटर लांब व ९ मीटर रुंद, म्हणजे सुमारे १,७४० चौरस फूट. चारही बाजूंना ३ मीटर मोकळी जागा धरली तरी सुमारे ३,९०० चौरस फुटांत काम भागते. दोन खांब, एक जाळे, एक-दोन चेंडू, आणि एका वेळी १२ मुले खेळतात. गोदामासमोरील पटांगण, समाजाच्या वसतिगृहाचे आवार, लग्नसराई नसताना रिकामे पडणारे मंगल कार्यालयाचे मैदान, यांपैकी एखादी जागा बहुतेक पेठांत व उपनगरांत सापडेल. सूर्यास्तापूर्वी जेवणाचा नियम पाळणाऱ्या घरांची सायंकाळच्या सरावाविषयीची अडचण वाजवी आहे. त्यावर सकाळी शाळेपूर्वीचा एक तास हा उपाय आहे.

जागा आणि जाळे मिळेल. अवघड आहे तो गल्ल्यावरून उठून येणारा उकाई मिळणे. आपल्या समाजात शाळा-महाविद्यालयांच्या संघांतून खेळलेले आजचे चाळिशीतील व्यापारी पुष्कळ आहेत. कोणाची सर्व्हिस नावाजलेली होती, कोणी विद्यापीठाचा गणवेश घातला होता. ते सांगतात तेव्हा डोळे चमकतात, आणि लगेच ‘आता कुठे वेळ’ असे म्हणून विषय मिटतो. केइशिन उकाईचेही पहिले उत्तर हेच होते. त्याला पुष्कळ वेळा विचारणारे एक ताकेदा सर लाभले. आपल्या शाळांतही खेळाची फारशी माहिती नसताना संघाची जबाबदारी अंगावर घेतलेले शिक्षक असतात. त्यांची विनंती आली तर ती दुकानाच्या पायरीवरून परत पाठवू नये, आणि विनंती आली नाही तर आपणच त्यांच्याकडे जावे. बोली एका सामन्यापुरतीच करावी. पुढचे पुढे पाहता येते.

ज्यांना खेळ येत नाही त्यांनाही काम आहे. प्रवासाच्या खर्चाची एक पावती फाडता येते. आपल्या किंवा परक्या मुलाचा सामना असेल त्या दिवशी दोन तास दुकान लवकर वाढवून प्रेक्षकांत बसता येते. घरी परतताना निकाल न विचारता, ‘आज कोणाचा चेंडू छान उचललास?’ एवढे विचारता येते.

पालकांसाठी दोन व्यावहारिक सूचना. मालिका किशोरवयीन मुलांसाठी योग्य आहे, हिंसाचार नाही. तथापि जपानी जीवनपद्धतीनुसार सरावानंतर मुले मांसाचे सारण भरलेले पाव खाताना आणि शिबिरात मांस भाजून खाताना दिसतात. शाकाहारी घरांतील लहान मुलांना हे आधी सांगून ठेवावे. दुसरे, ८५ भाग सलग पाहण्याचा मोह आवरावा. आठवड्यातून दोन-तीन भाग, तेही शक्य तर एकत्र बसून पाहावेत. तिसरे पर्व अवघे १० भागांचे असून त्यात एकच सामना आहे. ज्या आजोबांना ‘कार्टून’ नको वाटते त्यांना तेथे बसवून पाहावे. पाचवा सेट येईपर्यंत ते चहा विसरतील, असा भरवसा आहे.

मॉर्गन यांच्या वर्गातील त्या व्यावसायिकांची नावे आज कोणास ठाऊक नाहीत. दिवसाचा व्यवहार आटोपून ते व्यायामशाळेत येत राहिले, म्हणून त्यांच्यासाठी एक खेळ रचावा लागला आणि तो जगाला मिळाला. मुलांचा खेळ टिकतो तो आळीत असे कोणी मोठे माणूस आहे तोवर. येत्या रविवारी दुकान बंद असेल, तर घरातील मुलाला किंवा मुलीला त्याच्या शाळेचे मैदान दाखवायला सांगावे, आणि चेंडू आला तर हात पुढे करावा.